देहूचे महाजन : तुकोबारायांच्या घराण्याची हकिकत



तुकोबाराया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीणा येते, चिपळ्या येतात, भंडाऱ्याचा डोंगर येतो. तराजू काही येत नाही. पण महाराजांचा जन्म तराजूच्या घरातला. दुकान, बैल, गोण्या, उधारीची वही आणि कर्जाची खतं यांच्यात ते लहानाचे मोठे झाले. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घराण्याकडे होती आणि जोडीला सावकारीही होती.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या ग्रंथात महाराजांच्या अभंगांवर आणि त्यांच्या भक्तीवर जाणकार मंडळी लिहितीलच. इथे सांगायची आहे ती त्यांच्या घराची गोष्ट. हे घर कसं उभं राहिलं, कसं बसलं, आणि त्यातल्या एका मुलानं घरातल्या कागदांचं काय केलं, एवढंच. ही गोष्ट आपण कोयनाकाठच्या माणसांनी नीट ऐकावी अशी आहे. आपल्या वाडवडिलांनी सावकाराचा उंबरा झिजवला आहे, आणि आज बँकेचा, सोसायटीचा उंबरा आपणही झिजवतोच आहोत.

विश्वंभरबाबांची वारी

महाराजांच्या घराण्याची पाळंमुळं महिपतीबुवा ताहराबादकरांनी लिहून ठेवली. महिपतीबुवा महाराजांनंतरच्या शतकातले. त्यांचा भक्तिविजय १७६२ सालचा आणि भक्तलीलामृत १७७४ सालचं. वारकऱ्यांच्या तोंडी असलेल्या महाराजांच्या बहुतेक कथा तिथूनच आलेल्या आहेत.

त्यांनी सांगितलेला मूळ पुरुष म्हणजे विश्वंभरबाबा. देहूत राहून सचोटीनं व्यापार करणारा हा गृहस्थ. घरात पंढरीची वारी वाडवडिलांपासून होती. विश्वंभरबाबांनी ती दर एकादशीला सुरू केली. महिन्यातून दोन वेळा देहूहून पंढरपूर गाठायचं आणि परत यायचं, तेही धंदा सांभाळून. ज्यांच्या पायांनी आषाढीची वाट तुडवली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. महिपतीबुवा सांगतात की आठ महिन्यांत सोळा वाऱ्या झाल्या आणि देवालाच या माणसाची दया आली. देव स्वप्नात येऊन म्हणाला, आता मीच तुझ्याकडे येतो. आंब्याच्या बनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या आणि इंद्रायणीच्या काठी त्यांचं देऊळ उभं राहिलं. तेव्हापासून या घराला दोन कामं लागली. एक दुकानाचं आणि दुसरं देवाचं.

विश्वंभरबाबांच्या मागे त्यांची मुलं हरी आणि मुकुंद यांना दुकानात करमेना. ते राजाच्या चाकरीला गेले, शिपाई झाले. आई आमाबाईसुद्धा मुलांबरोबर देहू सोडून गेली. देव तिच्या स्वप्नात आला, म्हणाला, मला इथं आणून ठेवलंत आणि तुम्ही निघून गेलात? पुढे लढाई झाली आणि दोन्ही मुलं पडली. मुकुंदाची बायको सती गेली. हरीची बायको दोन जिवांची होती, तिला माहेरी पाठवलं. तिच्या पोटी विठ्ठल जन्मला आणि घराण्याची दोरी तुटता तुटता राहिली. म्हातारी आमाबाई देहूला परतली आणि तिनं उरलेलं आयुष्य देवाच्या सेवेत काढलं.

पुढची पिढ्यांची माळ अशी: विठ्ठलाचा पदाजी, पदाजीचा शंकर, शंकराचा कान्होबा, कान्होबाचा बोल्होबा, आणि बोल्होबाचे तुकोबा. विश्वंभरबाबांपासून मोजलं तर महाराज आठव्या पिढीतले. कूळ मोरे, उपनाव आंबिले, जात कुणबी आणि धंदा वाण्याचा.

पेठ, तराजू आणि खतं

महाजन म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गावाला जसा पाटील, तसा पेठेला शेटे आणि महाजन. बाजार कुठे भरायचा, कुणी कुठे बसायचं, माप खरं की खोटं, देण्याघेण्याचा तंटा कसा मिटवायचा, हे त्यांनी बघायचं. त्याबद्दल बाजारात येणाऱ्या मालातून त्यांना हक्काचा वाटा मिळायचा. हे वतन बापाकडून मुलाकडे चालायचं. म्हणजे बोल्होबांचं घर गावात मानाचं होतं. जोडीला शेती, दुकान, ओझ्याचे बैल आणि व्याजबट्टा.

व्याजबट्ट्याचा जुना धंदा समजून घेतला तरच पुढची गोष्ट समजेल. पेरणीच्या वेळी कुणब्याच्या घरात बी नसायचं. मग तो सावकाराकडून धान्य उचलायचा आणि सुगीला परत करायचा. सवाईनं घेतलं तर चार पायलीला पाच, दिढीनं घेतलं तर चाराला सहा. रोकड घेतली तर खत लिहून द्यायचं. त्यावर मुद्दल, व्याज, मुदत आणि साक्षी. व्याज मुदलापेक्षा जास्त वाढू नये, म्हणजे दामदुपटीच्या पलीकडे जाऊ नये, असा जुना नियम होता. पण सावकार हुशार असला तर जुनं खत मोडून व्याज मुदलात घालायचा आणि नवं खत करायचा. मग दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खत काही माणसाबरोबर मरत नाही. बाप गेला की मुलगा सही करतो. सावकाराच्या मुलाला येणं मिळतं, तसं कुळाच्या मुलाला देणं मिळतं.

अशा घरात बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलं झाली: थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. महाराजांचा जन्म शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८, असं सर्वसाधारणपणे मानतात. बोल्होबा थकल्यावर त्यांनी धंदा थोरल्याच्या हाती द्यायचं ठरवलं. सावजींचं मन प्रपंचात नव्हतं, ते नको म्हणाले. मग जबाबदारी तुकोबांवर आली. महिपतीबुवांच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा त्यांचं वय तेरा. या वयातलं पोर दुकानात बसून वही लिहू लागलं. आणि काही वर्षं तरी त्यानं तो धंदा चांगला चालवला.

लग्न झालं, रखुमाई घरात आली. तिला दम्याचा आजार निघाला, म्हणून वडिलांनी दुसरं लग्न करून दिलं. ही दुसरी सून म्हणजे पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई, तिलाच आवली म्हणतात. गुळवेही सावकार. म्हणजे सासर आणि माहेर दोन्ही पैशाच्या व्यवहारातले. घर भरलेलं होतं, नातं तोलामोलाचं होतं. बोल्होबांना वाटलं असेल, आता आपण डोळे मिटायला मोकळे.

एकामागून एक

मग दिवस फिरले. सतराव्या वर्षी आईवडील गेले. पाठोपाठ सावजींची बायको वारली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले, ते परतलेच नाहीत. सगळा भार महाराजांवर. धंद्यात खोट येऊ लागली. उधारी वसूल होईना, आणि स्वतः घेतलेल्या कर्जाचे सावकार दाराशी येऊन बसू लागले. लोकांना कर्ज देणारं घर स्वतः कर्जात गेलं. पेठेत एकदा पत गेली की माणसं रस्त्यात तोंड चुकवतात. सासऱ्यांनी आणि नातलगांनी हात दिला, पण बसलेली घडी पुन्हा नीट बसेना.

याच काळातल्या काही गोष्टी आपण कीर्तनात ऐकतो. महाराज मिरच्या घेऊन कोकणात विकायला गेले आणि गिऱ्हाइकांनाच माप घ्यायला सांगून बसले. एकदा सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोनं म्हणून कुणी गळ्यात मारली. या गोष्टींना आपण हसतो. पण ज्याच्या घरात तेल-मीठ संपलेलं असतं, त्याला त्या रात्री हसू आलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र नीट ऐकावी. जिजाईनं स्वतःच्या नावावर दोनशे रुपयांचं खत लिहून दिलं, नवऱ्याच्या हाती भांडवल दिलं आणि धंद्याला पाठवलं. महाराजांनी मीठ भरलं. आपल्याला हा व्यापार परका नाही. चिपळूणकडचं मीठ बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाट चढून पाटणवरून कराडकडे जायचं, अशा गोष्टी आपल्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या ऐकल्या गेल्या आहेत. मिठाची गोणी पाऊस लागला की पाघळते, बैल थकला की उतरवावी लागते, आणि नफा शेवटच्या बाजारात पोचल्यावरच दिसतो. महाराजांना त्या वेळी खरोखर नफा झाला. दोनशेचे अडीचशे झाले. परतताना वाटेत एक गरीब ब्राह्मण दिसला. कर्जापायी त्याला धरून ठेवलेलं, बायकापोरं रडत होती. महाराजांनी ते सगळे पैसे त्याच्या सुटकेसाठी दिले आणि मोकळ्या हातानं घरी आले.

या कथेत दोन माणसं कर्जात आहेत. एक तो ब्राह्मण, आणि दुसरी जिजाई, जिच्या खतावर हे पैसे उचलले होते. कीर्तनात पहिल्याचं नाव होतं. दुसरीचं आपण विसरतो.

शके १५५१-५२ चा दुष्काळ

मग मोठा दुष्काळ आला. १६२९ आणि १६३० साली दख्खनेत पाऊस फिरकला नाही. त्यातच मोगलांच्या स्वाऱ्या दख्खनेत चालू होत्या. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर झाला तो याच काळात. धान्य दिसेना, गुरं मेली, माणसं गावं सोडून चालू लागली.

दुष्काळात वाण्याच्या घराची परीक्षा असते. ज्याच्या कणगीत धान्य आहे तो चौपटीनं विकून पिढ्यांची कमाई करतो. महाराजांच्या घरी तसं घडलं नाही. बैल गेले, दुकान गेलं, आणि रखुमाई अन्न अन्न करत गेली. तिच्या मागे तिचा मुलगा संतू गेला. पेठेच्या महाजनाच्या घरात माणूस भुकेनं मेलं. महाराजांनी पुढे आपल्या अभंगात ही गोष्ट लपवली नाही. आईबाप गेले, दुष्काळानं मान आणि पैसा नेला, बायको अन्नावाचून मेली, धंद्यात तूट आली आणि लाज वाटली, हे त्यांनी सरळ सांगितलं. स्वतःचं दिवाळं निघाल्याचं असं मोकळेपणानं सांगणारा व्यापारी क्वचितच सापडतो.

कागदांची वाटणी

महाराज घराबाहेर पडले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा भावाला शोधत रानोमाळ फिरले. शेवटी भेट झाली आणि दोघे इंद्रायणीच्या काठी आले. आता या घराण्याच्या हकिकतीतला सगळ्यात मोठा प्रसंग.

दुकान बुडालं असलं तरी घरात एक संपत्ती शिल्लक होती. वडिलांच्या आणि आपल्या हातची कर्जखतं. दुष्काळ सरला होता. जगलेली कुळं हळूहळू शेताकडे परतणार होती. एक-दोन सुगी चांगल्या झाल्या असत्या, तर त्या कागदांतून घर पुन्हा उभं राहिलं असतं. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

महाराजांनी ते कागद मागवले आणि नदीत सोडून द्यायचं ठरवलं. कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही साधू झालात, पण मला बायकापोरं आहेत, मी काय खाऊ? महाराजांना ते पटलं. त्यांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कागद कान्होबांच्या हाती दिले आणि म्हणाले, हा तुझा हक्क. उरलेले अर्धे, आपल्या वाटणीचे, इंद्रायणीच्या डोहात सोडले.

या वाटणीवर आपण थोडं थांबावं. सगळेच कागद बुडवले असते तर गोष्ट ऐकायला मोठी झाली असती. पण भावाच्या पोरांचा घास काढून दानधर्म करायचा, तर ते दान कसलं? महाराजांनी आपलं तेवढंच सोडलं. दुसऱ्याचं ज्याचं त्याला दिलं. वही कशी लिहायची हे ज्याला लहानपणापासून ठाऊक होतं, त्यानं शेवटची वाटणीसुद्धा चोख केली. आणि ज्या कुळांची खतं नदीत गेली, त्यांची पोरं बापाच्या कर्जावर सही करण्यातून सुटली. त्या कुळांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. दुष्काळातून वाचलेल्या त्या घरांत त्या रात्री काय वाटलं असेल, ते ज्यानं कर्ज काढलं आहे त्यानंच ओळखावं.

त्यानंतर महाराजांनी विश्वंभरबाबांच्या पडक्या देवळाची डागडुजी केली, एकादशीचं कीर्तन धरलं, संतांची वचनं पाठ केली. दुकानात ज्या हातानं जमाखर्च लिहिला, त्याच हातानं अभंग लिहू लागले.

जिजाई

आता जिजाईबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. आमच्या कीर्तनात ती बहुतेक वेळा रागीट बायको म्हणून येते आणि मंडप हसतो. ती सावकाराच्या घरची लेक. तिला व्यवहार कळत होता. तिनं स्वतःचं खत लिहून नवऱ्याला भांडवल दिलं, ते पैसे गेले. घरातली खतं होती, त्यातली अर्धी नदीत गेली. सवत आणि सवतीचं पोर तिच्या डोळ्यांपुढे दुष्काळात गेलं. तिला स्वतःला काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा ही मुलं झाली. त्यांच्या तोंडात रोज काय घालायचं हा प्रश्न तिचाच होता. तरीही नवरा भंडाऱ्यावर बसला की ती भाकरी घेऊन डोंगर चढायची. तो जेवल्याशिवाय तिला घास जात नव्हता. ती विठ्ठलाशी भांडली, पण उपाशी नवऱ्याला सोडून माहेरी जाऊन बसली नाही.

मुलींच्या लग्नाची गोष्ट महिपतीबुवांनी सांगितली आहे. जिजाईनं लग्नाचा घोर लावला. महाराज उठले, गावात खेळत असलेली जातीतली तीन चांगली मुलं घेऊन आले, हळद लावली आणि लग्नं लावून दिली. मुलांच्या आईबापांनीही त्यात आनंद मानला. आज लग्नासाठी सात-आठ वर्षं फेडायचं कर्ज काढणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा घरात वाचून दाखवावी. कर्ज बुडवणाऱ्याच्या घरात नवं कर्ज काढून मांडव पडला नाही.

जे बुडालं आणि जे तरलं

पुढची हकिकत सगळ्यांना पाठ आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज तेरा दिवस काठावर अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या वर आल्या. रामेश्वरभट्टच पुढे त्यांचे शिष्य झाले. चाकणचे संताजी जगनाडे तेली अभंग लिहून घेऊ लागले. शिवरायांनी पाठवलेला नजराणा महाराजांनी परत केला, अशीही परंपरा आहे.

आपल्या विषयापुरतं एवढंच बघायचं. एकाच नदीत एकाच घरातून दोनदा कागद गेले. पहिल्यांदा महाराजांनी आपखुषीनं सोडले, ते कुणी परत मागितले नाहीत, ते वर आले नाहीत. दुसऱ्यांदा दुसऱ्यांनी बुडवायला लावले, ते तरले. एका कागदावर लोकांचं देणं लिहिलं होतं, दुसऱ्यावर देवाचं नाव. इंद्रायणीनं बरोबर निवड केली, असं आपण वारकरी मानतो.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. तीच आपली तुकाराम बीज. त्या वेळी जिजाई गरोदर होती. तिच्या पोटी नंतर नारायण जन्मला. अर्धी खतं ठेवून घेणारे कान्होबा भावाच्या विरहात असे रडले की त्यांच्या त्या शोकाचे अभंग आजही गाथ्याबरोबर छापले जातात. कागद ठेवले म्हणून कान्होबांची भक्ती कमी ठरत नाही. एका भावानं सोडलं, दुसऱ्यानं प्रपंच धरून ठेवला, आणि दोघांवर मिळून घर टिकलं.

नारायणबाबा आणि आरफळचे हैबतबाबा

बापाचं तोंडही न पाहिलेला तो नारायण मोठा झाला आणि त्यानं १६८५ साली महाराजांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला जाऊन माउलींच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसं ज्या सोहळ्यात चालतात त्याची सुरुवात ही अशी या घरातून झाली. पुढे सातारच्या गादीकडून देवस्थानाला इनामं मिळाली. खतं सोडणाऱ्या घराकडे पुन्हा संपत्ती आली.

आणि संपत्ती आली तसे तंटेही आले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वंशजांमध्ये पालखीचा मान आणि उत्पन्न यांवरून वाद होऊ लागले. त्या वेळी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा पुढे आले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची चाकरी सोडून ते आळंदीला माउलींच्या पायाशी राहिले होते. त्यांनी माउलींची पालखी वेगळी काढली, दिंड्यांचा क्रम लावला आणि सोहळ्याला शिस्त दिली. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. तिला हात लावल्याशिवाय आपण आत जात नाही. संताच्या घरातही मानपानाचा कागद जड होतो, आणि मग दुसऱ्या कुणी निःस्वार्थ माणसानं तो उचलावा लागतो. हे सांगण्यात महाराजांच्या घराण्याचा कमीपणा नाही. घराघरांत हे होतं. आपल्या दिंडीनंही यावरून सावध राहावं.

कुकरूडची होळी

आता थोडं आपल्या मुलखाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं शेतसारा ठरल्या तारखेला आणि रोख मागायला सुरुवात केली. पीक येवो न येवो, हप्ता भरायचा. कुणबी सावकाराकडे जायचा. पूर्वी तंटा झाला तर गावातली चार माणसं बसायची, शेटे-महाजन तोडगा काढायचे. आता सावकार खत घेऊन कोर्टात जाऊ लागला आणि न्यायाधीश कागद बघून हुकूमनामा देऊ लागला. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिलं होतं ते जमीन गेल्यावर कळायचं.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे इथं लोक उठले आणि दंगा पुणे-नगरच्या कितीतरी गावांत पसरला. बहुतेक ठिकाणी लोकांनी सावकाराच्या अंगाला हात लावण्याऐवजी त्याचे कागद मागितले आणि जाळले. त्याच वर्षी सप्टेंबरात वारणेच्या खोऱ्यातल्या कुकरूडला एका सावकाराचे कागद जाळले गेले. कुकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात आहे. आपल्यापासून डोंगरापलीकडेच. नंतर चौकशी बसली, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला. कोर्टानं खतामागचा जुना हिशेब उकलून बघावा, आणि शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकू नये, असं त्यात आलं. मीठ विकून आलेल्या पैशांनी महाराजांनी जे एका माणसासाठी केलं, ते व्हायला कायद्याला अडीचशे वर्षं लागली.

याच सुमारास, १८६९ साली, त्याच सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या मदतीनं मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात महाराजांचा गाथा छापून निघू लागला. देहूच्या दिवाळं निघालेल्या वाण्याचे अभंग सरकारी खर्चानं छापले जात होते, आणि त्याच मुलखात कुणबी खतांची होळी करत होता. कुकरूडला जे आगीनं आणि रागानं झालं, ते देहूला पाण्यानं आणि प्रेमानं झालं होतं. फरक एवढाच की देहूला कागद सोडणारा हात सावकाराचा स्वतःचा होता.

आपला हिशेब

माउली, महाराजांच्या घराची हकिकत ऐकून कुणी आपल्या घरची वही नदीत टाकावी, असं सांगणं नाही. महाराजांनी कान्होबांनाही तसं सांगितलं नाही. आपल्यातली कितीतरी माणसं मुंबईला माथाडी झाली, आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या, आणि गावाकडे पैसे पाठवून बापाचं कर्ज फेडलं. घेतलेलं फेडणं हाही धर्मच आहे.

पण ज्याचं दुसऱ्याकडे येणं आहे, त्यानं एकदा इंद्रायणीच्या काठची ती वाटणी आठवावी. भावकीत बांधावरून, हिश्शावरून, जुन्या उसनवारीवरून आपण किती वर्षं बोलत नाही? ज्याच्याकडून येणं आहे तो मेला, त्याची पोरं हलाखीत आहेत, आणि आपण अजून वही जपून ठेवली आहे. त्यातलं आपल्या वाटणीचं अर्धं तरी सोडता येईल का, हा प्रश्न महाराजांचं घर आपल्याला विचारतं.

आपल्या दिंडीची भिशी दरवर्षी जमते. वारी संपली की चार माणसांसमोर हिशेब वाचला जातो. ज्याला भरता आलं नाही त्याचं ताट कधी मांडायचं राहिलं नाही, आणि त्याच्या नावापुढे बाकी लिहून ती पुढच्या वर्षी ओढली नाही. शंभर वर्षं दिंडी चालली ती यावर. जोवर ही वही अशी लिहिली जाते, तोवर देहूच्या महाजनाचा एक तराजू आपल्याही दिंडीत आहे, असं समजावं.

रामकृष्णहरी.